पाळण्याचे अंदाजपत्रक

इंग्लंडमधील एखादे नोकरदार जोडपे अपत्यप्राप्तीच्या उपचारासाठी प्राग किंवा बार्सिलोना येथे जाण्याचे ठरवते, तेव्हा प्रवासाच्या आधी एक अंदाजपत्रक तयार होते. विमानाची दोन भाडी, आठ-दहा दिवसांचा मुक्काम, संप्रेरकांची इंजेक्शने, तपासण्या, प्रयोगशाळेचे शुल्क, उरलेले गर्भ गोठवून ठेवण्याचे वार्षिक भाडे, बिनपगारी रजेत बुडणारे वेतन. आणि पहिला प्रयत्न फसण्याची शक्यता मोठी असल्याने हे सारे पुन्हा एकदा. घर घेण्यासाठी साठवलेली पुंजी, आईवडिलांनी दिलेले पैसे आणि बँकेचे कर्ज यांची बेरीज त्यासमोर मांडली जाते. हा हिशेब कसा जुळवावा हे शिकवणारे सल्लागार आणि मध्यस्थही आता उदंड झाले आहेत. त्यांच्या नमुन्यात ‘बीजदात्री’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे एक ठोक रक्कम असते. ती दात्री कोण, तिने हे का पत्करले आणि नंतर तिचे काय झाले, यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

या जोडप्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळांत ती होते, म्हणून हे आधीच सांगितले पाहिजे. ज्या देशात मुलांना पोटभर अन्न नाही तेथे मूल होत नाही हे दुःख म्हणजे सुखवस्तूंचा छंद, असे अनेक कार्यकर्तेही बोलून जातात. त्यांनी एकदा गावातल्या मूल नसलेल्या स्त्रीचे जिणे पाहावे. ओटी भरण्याच्या वेळी तिला वगळले जाते, बारशाला तिची सावली नको असते, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी तिच्यासमोर होतात. दोष अनेकदा पुरुषात असतो. पण तपासणी मात्र तिची आणि नवसही तिचेच. हे दुःख सुखवस्तूंचे नाही. त्यावरचा उपचार तेवढा सुखवस्तूंचा झाला आहे, आणि वाद आहे तो इथेच.

हा उपचार जन्मला कोठे? २५ जुलै १९७८ रोजी लँकेशायरमधील ओल्डहॅम या सूतगिरण्यांच्या गावी, सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयात, जगातील पहिले ‘नलिकाबालक’ जन्मले. रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांच्या जोडीला जीन पर्डी या परिचारिकेचे अखंड श्रम त्यामागे होते. त्यांचे नाव कित्येक वर्षे कोणी घेतले नाही. या संशोधनाला अनुदान देण्यास ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ मध्ये नकार दिला होता. यश मिळाल्यावरही सरकारने हात पुढे केला नाही. १९८० मध्ये केंब्रिजजवळ बोर्न हॉल येथे जे केंद्र निघाले ते खाजगी. सार्वजनिक रुग्णालयात जन्मलेली विद्या दोन वर्षांत खाजगी दारात जाऊन बसली, आणि पुढची सगळी कथा या स्थलांतरातून निघालेली आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनमधील अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने पात्र स्त्रियांना उपचाराची तीन आवर्तने सरकारी खर्चाने मिळावीत अशी शिफारस केली. स्कॉटलंडने ती बऱ्याच अंशी मानली. इंग्लंडमध्ये मात्र निर्णय स्थानिक आरोग्य मंडळांच्या हाती राहिला. काटकसरीची कुऱ्हाड आली की ती आधी येथे पडते. बहुतेक ठिकाणी तीनाचे एक झाले. कित्येक भागांत नवऱ्याला पहिल्या लग्नाचे मूल असले तर दुसरी पत्नी अपात्र ठरते. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या स्त्रीला जे मिळते ते पलीकडच्या स्त्रीला मिळत नाही. खाजगी केंद्रात एका आवर्तनाला पाच हजार पौंडांहून अधिक मोजावे लागतात. अशा स्थितीत परदेशच्या प्रवासाचे अंदाजपत्रक हे जोडप्याच्या हौसेतून तयार होत नाही. सरकारने आपल्या अंदाजपत्रकातून जी ओळ खोडली, ती त्या घरच्या कागदावर उमटते.

केवळ किंमतीमुळेच माणसे सीमा ओलांडतात असे मात्र म्हणता येणार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीने वर्षाकाठी निदान २४ ते ३० हजार उपचार-आवर्तने सीमेपलीकडे होतात असा अंदाज दिला. जर्मन आणि इटालियन रुग्णांनी प्रामुख्याने आपल्या देशातील कायद्याकडे बोट दाखवले. उपचार वेळेवर मिळत नाही ही तक्रार ब्रिटिशांमध्ये अधिक आढळली. जर्मनीत १९९१ पासून स्त्रीबीजदानाला बंदी आहे. इटलीने २००४ च्या कायद्याने परक्या बीजाचा वापरच निषिद्ध केला. तो निर्बंध घटना न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. नीतीच्या नावाने केलेल्या अशा बंदीचा परिणाम एकच होतो. ज्याच्या खिशात प्रवासखर्च आहे त्याला ती लागू होत नाही, आणि बंदी घालणारा देश आपली सोवळी नीती शेजाऱ्याच्या गरीब मुलींच्या खर्चाने सांभाळतो.

त्या मुली कोण? स्पेन हे युरोपातील स्त्रीबीजदानाचे सर्वांत मोठे केंद्र आहे. १९८८ च्या कायद्यापासून तेथे दान निनावी आहे, आणि दात्रीला त्रासाबद्दल भरपाई मिळते. ती साधारण एक हजार युरोच्या घरात असते. कायदा तिला मोबदला म्हणत नाही. परंतु फी भरता न येणारी विद्यार्थिनी, काम गेलेली तरुणी, लॅटिन अमेरिकेतून किंवा पूर्व युरोपातून आलेली घरकामगार या त्या भरपाईकडे कशा पाहतात हे सांगण्याची गरज नाही. बँकेतील अधिकाऱ्याची मुलगी या रांगेत सहसा दिसत नाही. महिन्याला एक बीज पिकवणाऱ्या शरीरात संप्रेरकांच्या मार्‍याने दहा-पंधरा बीजे एकदम पिकवली जातात आणि भूल देऊन सुईने काढली जातात. बहुतेकींना काही होत नाही. काहींचे बीजकोश सुजतात, पोटात पाणी साचते, रक्तात गुठळ्या होतात. क्वचित जीवही जातो. बीज घेऊन जाणारे जोडपे तोवर मायदेशी पोचलेले असते.

या व्यापारात भारत मागे राहिला नाही. काही काळ तो अग्रभागी होता. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रुग्णांवर परकीय चलनात केलेले उपचार ही निर्यात समजावी आणि तिला निर्यातीच्या सवलती द्याव्यात असे लिहिले गेले. आंबा, कोळंबी, तयार कपडे यांच्या यादीत रुग्णसेवा जाऊन बसली, आणि रुग्णसेवेच्या आडून गर्भाशयही. अमेरिकेत लागणाऱ्या खर्चाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात येथे सरोगसी होत असे. गुजरातेतील आणंद हे त्याचे जगभर गाजलेले ठिकाण. ज्या आणंदचे नाव दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने १९४६ पासून उजळले, जेथे दोन म्हशींची मालकीणही संघाची सभासद असते आणि दुधाच्या भावाबद्दल प्रश्न विचारू शकते, त्याच गावी नऊ महिने वसतिगृहात राहून परक्याचे मूल वाढवणाऱ्या स्त्रीला ना संघ होता, ना भाव ठरवण्याचा हक्क, ना करारातील इंग्रजी वाचण्याची सोय. २००८ मध्ये एका जपानी दांपत्याने मूल जन्मण्याआधीच घटस्फोट घेतला आणि ते तान्हे कोणाचे या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तरीही पुढच्याच वर्षी विधी आयोगाने या धंद्याची उलाढाल २५ हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितली.

परदेशी समलिंगी जोडप्यांना आणि एकट्या व्यक्तींना भारताने दार बंद केले, तेव्हा दलालांनी नेपाळचे दार उघडले. नेपाळी स्त्रीने गर्भ वाहू नये, परकी स्त्री चालेल, असा तेथील नियम. म्हणून भारतीय स्त्रिया काठमांडूत नेऊन ठेवल्या गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये भूकंप झाला. इस्रायलने विमाने पाठवून वीसाहून अधिक तान्ही बालके सुखरूप नेली. त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रिया मागे राहिल्या. इस्रायल हा असा देश आहे, जो आपल्या स्त्रियांना ४५ वर्षांच्या वयापर्यंत दोन मुलांसाठी नलिकागर्भाचा उपचार सरकारी खर्चाने देतो. परंतु सरोगसीच्या कायद्यातून त्याने तेव्हा पुरुष जोडप्यांना वगळले होते, आणि त्या वगळण्याचा भार काठमांडूत कोणा परक्या बाईच्या ओटीपोटावर पडला. सरकारी पैसा आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आणि मुंबई? २०१० मध्ये या शहरात मोलमजुरी करणारी एक सतरा वर्षांची मुलगी बीजे काढून घेतल्यानंतर दोन दिवसांनी मरण पावली. बीज देण्याची तिची ती पहिली वेळ नव्हती. मतदानाचे वय नसलेल्या मुलीने स्वेच्छेने दान केल्याचा कागद मात्र होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्तमानपत्रांत चार दिवस आले आणि विरले.

येथे उदारमतवादी मित्र एक युक्तिवाद पुढे करतात. दोन सज्ञान व्यक्तींनी आपखुशीने केलेला करार मोडणारे समाजवादी कोण? शरीर स्त्रीचे, निर्णय तिचा. शरीर तिचे आहे, हे खरेच. गिरणीकामगाराचे हातही त्याचेच होते. म्हणून कोणी किमान वेतनाचा, आठ तासांच्या दिवसाचा, अपघाताच्या भरपाईचा आग्रह सोडला नाही. नवऱ्याचे कर्ज फेडण्यासाठी, पत्र्याच्या जागी स्लॅब घालण्यासाठी बाई आपला गर्भ भाड्याने देते, तेव्हा तिने निर्णय घेतलेला असतो. परंतु तिच्यापुढचे पर्याय ज्यांनी ठरवले त्यांची नावे करारात नसतात.

नोव्हेंबर २०१५ मध्ये भारताने परदेशीयांसाठी सरोगसी बंद केली आणि २०२१ मध्ये दोन कायदे केले. बीजदात्रीचे वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, सातांहून अधिक बीजे काढायची नाहीत, तिच्यासाठी विमा. या तरतुदी स्वागतार्ह आहेत आणि त्या मुंबईच्या मुलीच्या मरणानंतर अकरा वर्षांनी आल्या. सरोगसीच्या कायद्याने मात्र एक अजब न्याय केला. वैद्यकीय खर्च आणि विमा सोडून त्या स्त्रीला काहीही द्यायचे नाही. तिने परोपकार करायचा. डॉक्टरने परोपकार करायचा नाही, प्रयोगशाळेने नाही, वकिलाने नाही. साखळीत सर्वांचे शुल्क कायम ठेवून जिच्या देहावर सर्व चालते तिचेच श्रम फुकट ठरवले, याला शोषणमुक्ती म्हणता येईल काय? शिवाय अविवाहित जोडपी, समलिंगी जोडपी, एकटे पुरुष यांना कायद्याने सरोगसी नाकारली. त्यांच्यातील पैसेवाले आता स्वतः परदेशचे अंदाजपत्रक मांडू शकतात. इंग्लंडच्या जोडप्याचा कागद भाषांतरित होऊन येथे आला आहे.

या देशाला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असे नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी भारतातील पहिले शास्त्रीय नोंदींनिशी मान्य झालेले नलिकाबालक जन्मले ते परळच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या, गिरणगावाच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या परळच्याच संस्थेतील डॉ. आनंदकुमार यांचे ते काम. करदात्यांच्या पैशावर उभे राहिलेले हे ज्ञान पुढे गावोगावच्या जिल्हा रुग्णालयांत जायला हवे होते. ते चकचकीत खाजगी केंद्रांच्या पाट्यांवर गेले. त्याच्याही आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तुटपुंज्या साधनांवर हाच प्रयोग यशस्वी केला होता. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले, त्यांची बदली केली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा तेथे डाव्या आघाडीचे सरकार होते, हे लपवण्याचे कारण नाही. नोकरशाहीचा मत्सर लाल झेंड्याखालीही तितकाच जोमाने वाढतो.

गरिबांच्या पुनरुत्पादनासाठी सरकारजवळ पैसा नसतो ही समजूत तर साफ खोटी आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या काळात शिबिरे, लक्ष्यांक, माणसे आणून देणाऱ्याला दरडोई पैसे, यांपैकी कशालाच तरतूद कमी पडली नाही. गरिबाला मूल होऊ नये यासाठी जो हात सैल सुटतो, तोच गरिबाला मूल व्हावे म्हटले की आखडतो. आजही आयुष्मान भारत योजनेच्या विम्यात हा उपचार बसत नाही.

आणि हा उपचार लागावाच लागू नये यासाठी काय केले जाते? या देशातील गरीब स्त्रियांच्या बीजवाहिन्या बंद होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षय आहे. कोंदट खोलीत, उपाशी अंगावर तो येतो, पुष्कळदा काही लक्षण न दाखवता नळ्या बुजवून ठेवतो, आणि लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी कळतो. बाळंतपणातील अस्वच्छता आणि चोरून केलेले गर्भपात यांतून होणारा जंतुसंसर्ग हे दुसरे. वेळेवर तपासणी आणि काही महिन्यांच्या औषधाने जे बरेच टळू शकते, त्यासाठी नंतर लाखांचे कर्ज काढावे लागते.

२०२३ मध्ये गोव्याने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात वंध्यत्वाचे हे उपचार विनामूल्य सुरू केले. एक लहान राज्य जे करू शकते, ते महाराष्ट्राच्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात का होऊ नये? विधिमंडळाच्या येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनात पक्षाच्या आमदारांनी तीन आकडे मागावेत: सरकारी रुग्णालयांत वंध्यत्वाच्या तपासणीसाठी किती तरतूद आहे, जननेंद्रियांच्या क्षयाच्या किती स्त्रियांची वर्षभरात नोंद झाली, आणि बीज दिलेल्या स्त्रियांच्या पुढच्या तब्येतीची नोंदवही कोणत्या कार्यालयात ठेवली आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत आमदारांनी खाली बसू नये.