रस्त्यांच्या कामाचा पैसा कोण भरतो? मुंबईतील वाद आणि पथविक्रेत्यांचा प्रश्न

१९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात पंतप्रधानांच्या हस्ते एकाच कार्यक्रमात दोन कामांचा प्रारंभ झाला. पहिले काम होते शहरातील सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांचे काँक्रीटीकरण, अंदाजे खर्च ६,१०० कोटी रुपये. दुसरे काम पीएम स्वनिधी योजनेतील एक लाखाहून अधिक पथविक्रेत्यांना मंजूर कर्जाचे वाटप. त्या वेळी पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. त्या हिशेबाने एक लाख कर्जे म्हणजे १०० कोटी रुपये. रस्त्यांच्या खर्चात एवढ्या रकमेत साडेसहा किलोमीटर होतात, आणि विक्रेत्यांना मिळालेली रक्कम परत फेडायची आहे.

या दोन्ही गोष्टींचा संबंध थेट आहे, कारण विक्रेता रस्त्याच्या कडेलाच बसतो. म्हणून रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा, हा मुंबईत सुरू असलेला वाद योजनेच्या लाभार्थ्यांनीही समजून घ्यायला हवा.

पैसा कोठून येतो?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, पथदिवे आणि वाहनतळ ही कामे नगरपालिका-महानगरपालिकांच्या यादीत आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकात ‘पथकर’ नावाचा वेगळा रकानाही असतो. त्यामुळे रस्ते घरमालकांच्या करातून होतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे.

• जकातीच्या बदल्यात मिळणारी भरपाई: १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. तिच्याऐवजी राज्य सरकार महापालिकेला दरमहा भरपाई देते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही रक्कम १४ हजार कोटी रुपयांहून अधिक धरली होती.

• मालमत्ता कर: त्याच वर्षी यातून अपेक्षित उत्पन्न सुमारे ५,२०० कोटी रुपये होते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून हा कर माफ आहे.

• मुदत ठेवी: महापालिकेच्या ठेवी ८० हजार कोटी रुपयांच्या आसपास होत्या. यातील मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन व कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांसाठी बांधलेला असतो. उरलेला भाग मोठ्या प्रकल्पांसाठी वापरता येतो.

जकातीची भरपाई वस्तू व सेवा कराची व्यवस्था आल्यामुळे दिली जाते, आणि तो कर साबण, तेल, चप्पल, मोबाइल रिचार्ज घेणारा प्रत्येक जण भरतो. ज्याच्या नावावर घर नाही, तोही. ‘फेरीवाले कर भरत नाहीत, मग रस्त्यावर त्यांचा हक्क कसला?’ असे विचारले जाते, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

वाद कशावर आहे?

पहिला मुद्दा बचतीचा. ठेवी पडून ठेवण्यापेक्षा रस्ते करावेत, कारण काँक्रीटचा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा अधिक वर्षे टिकतो आणि दर पावसाळ्यातील खड्डे बुजवण्याचा खर्च वाचतो, अशी एक बाजू आहे. दुसरी बाजू म्हणते की किलोमीटरमागे सुमारे १५ कोटी रुपये लागत असतील, तर अनेक रस्ते एकदम खोदण्याऐवजी टप्प्याटप्प्याने काम करावे.

दुसरा मुद्दा निर्णय कोणी घेतला याचा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. रस्त्यांचे मोठे निर्णय मधल्या काळात प्रशासकाने घेतले. त्यामुळे वस्तीतल्या माणसाला आपली अडचण सभागृहात मांडायला लोकप्रतिनिधी नव्हता.

तिसरा मुद्दा नव्या उत्पन्नाचा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झोपडपट्ट्यांतील दुकाने, गोदामे, हॉटेले अशा व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्यातून ३५० कोटी रुपये अपेक्षित होते. वरच्या दराने पाहिले तर ही रक्कम सुमारे २३ किलोमीटर रस्त्यांची आहे. धंदा करणाऱ्याने कर भरावा, हे तत्त्व चुकीचे नाही. पण कर भरल्याने बांधकाम आपोआप अधिकृत ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

इतर शहरांनी वेगळे मार्ग घेतले आहेत. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये रोखे विकून २०० कोटी रुपये उभे केले आणि ते रस्ते विकास आराखड्यासाठी वापरायचे ठरवले. चेन्नईतील पाँडी बाजारचा पादचारी मार्ग स्मार्ट सिटी अभियानातून झाला. रोख्यांचे व्याज पुढच्या वर्षांच्या महसुलातून द्यावे लागते, आणि केंद्राचे अभियान मुदतीपुरते असते. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्यानंतरची देखभाल शहरालाच करायची आहे.

अर्थसंकल्पात न दिसणारा खर्च

वरील सर्व मार्गांत एक खर्च कोठेच मोजलेला नाही. रस्ता खोदला की त्या जागेवरचा धंदा थांबतो. भाजीवाली, चहावाला, चप्पल शिवणारा यांची कमाई रोजची असते, पण स्वनिधीचा हप्ता दर महिन्याला येतोच. वेळेवर फेड करणाऱ्यालाच ७ टक्के व्याज अनुदान आणि पुढचे मोठे कर्ज मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली आणि कर्जाचे टप्पे १५,०००, २५,००० व ५०,००० रुपये झाले. रस्त्याच्या कामामुळे हप्ते थकले, तर विक्रेता या वाढीव लाभापासून दूर राहू शकतो. म्हणजे सर्वांच्या रस्त्याचा काही भार तो एकटाच उचलतो. पैसा ठेवीतून आला काय किंवा करातून आला काय, कामाच्या अंदाजपत्रकात तात्पुरत्या पर्यायी जागेची तरतूद असावी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

कायदा काय सांगतो?

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायदा, २०१४ नुसार:

• सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही.
• जागा बदलायची असल्यास ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे.
• स्पष्ट आणि तातडीची गरज नसेल, तर स्थलांतर शक्यतो टाळावे.
• नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, आणि त्यांपैकी एक-तृतीयांश महिला.

हे संरक्षण कराची पावती पाहून मिळत नाही, ते उपजीविकेसाठी आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. विक्री प्रमाणपत्र, शिफारस पत्र आणि कर्जफेडीच्या पावत्या एकत्र जपून ठेवा.
२. आपल्या रस्त्यावर काम येणार असल्याचे कळताच विभाग कार्यालयात लेखी अर्ज करून कामाची मुदत विचारा आणि तात्पुरती जागा मागा. अर्जाची पोच घ्या.
३. माहिती मिळाली नाही, तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना शुल्क लागत नाही.
४. हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवा. सवलत देणे बँकेच्या हातात आहे, पण खाते थकीत होण्यापूर्वी बोलणे केव्हाही सोयीचे.
५. अर्थसंकल्पावर सूचना मागवल्या जातात तेव्हा पर्यायी जागेच्या खर्चाची मागणी नोंदवा. आता नगरसेवक निवडून आले आहेत, त्यांच्याकडेही हीच मागणी लेखी द्या.