टेकड्यांवरील परके हिरवेपण

माघ-फाल्गुनात पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी डवरतात आणि सकाळी फिरावयास जाणारे रसिक नागरिक त्या शोभेने सुखावतात. फुले सुंदर आहेत, यात वाद नाही. या झाडाने टेकड्यांचे काय केले, हा खरा प्रश्न आहे.

गिरिपुष्प हे नाव तर असे की, ऐकणारास हे झाड सह्याद्रीचेच वाटावे! वस्तुतः त्याची मायभूमी मेक्सिको व मध्य अमेरिका. आपल्याकडे त्यास उंदीरमारी असेही म्हणतात, आणि शास्त्रीय नावाचा अर्थही तोच आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने वेताळ टेकडी, पर्वती-पाचगाव इत्यादी उतारांवर त्याची लागवड केली, तीमागील हेतू चांगलाच होता. चराईने व कुऱ्हाडीने उघडा पडलेला मुरूम, आठ-आठ महिने पावसाचा थेंब नाही, पाणी घालण्याची सोय नाही. अशा जागी नुसती फांदी खोचली तरी रुजणारे व हवेतील नत्र जमिनीत आणणारे झाड कोणासही वरदानच वाटले असते. लावणारांना आज दूषणे देणे सोपे आहे. आम्ही ती देणार नाही.

परंतु या झाडाच्या शेंगा तडकून बी दूरवर उडते, तोडलेल्या बुंध्यास जोमाने धुमारे फुटतात आणि त्याच्या दाट राईखाली गवत मरते. या टेकड्यांचे मूळ रूप घनदाट अरण्याचे नव्हेच. गवताळ माळ आणि त्यात विरळ उभी असलेली सालई, मेडशिंगी, गणेर, पळस ही झाडे, अशी त्यांची रीत. उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवत शहरवासीयांस ओसाड भासते. जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाचा मात्र तोच संसार असतो. रोप हाती धरलेल्या पुढाऱ्यांना आणि छायाचित्रकारांना हे कोणी समजवावे?

सरसकट तोड करावी, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास उघड्या उतारावरील माती एकाच पावसाळ्यात वाहून जाईल. राई थोडी थोडी विरळ करावी, धुमारे वर्षानुवर्षे चिकाटीने काढावेत आणि मधल्या जागेत देशी झाडांना वाव द्यावा. पाल्याचे खत उत्तम होते. तेव्हा शेताच्या बांधावर गिरिपुष्प अवश्य असो. मृगापूर्वी लागवडीच्या याद्या तयार होतील. टेकड्यांसाठीच्या यादीत त्याचे नाव नसावे, आणि गवताच्या उघड्या माळावर तर यंदा खड्डेच खणू नयेत.