‘च’ लावताना जपून

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकमित्रांनो,

‘नेसेसरिली’ म्हणजे ‘अपरिहार्यपणे, अनिवार्यपणे’. लोणखेड्यातल्या नववीच्या मुलीला एवढंच फळ्यावर लिहून दिलं, तर एका अवघड शब्दाच्या जागी तिच्या वहीत दोन येतात.

रोजच्या इंग्रजीत हा शब्द बहुतेकदा ‘नॉट’चा हात धरून येतो. आणि ‘नॉट नेसेसरिली’ला आपल्याकडे अगदी घरगुती मराठी आहे : ‘असेलच असं नाही’. सातपुड्यावर ढग दाटले म्हणजे गोमाई नदीला पाणी येईलच असं नाही. पपई भरघोस लागली म्हणजे भाव मिळेलच असं नाही. शेतकऱ्याच्या लेकराला हे कोणी शिकवावं लागत नाही. हेच इंग्रजीत कसं म्हणतात, तेवढं आपण दाखवायचं.

घोळ होतो तो नकाराच्या जागेवरून. ‘तो येणारच नाही’ म्हटलं की विषय संपला. ‘तो येईलच असं नाही’ म्हटलं की वाट बघायला जागा उरते. ‘नॉट नेसेसरिली’ हे दुसरं वाक्य आहे. मुलं भाषांतरात पहिलं लिहून बसतात.

आपल्या न्यायशास्त्रातला जुना दाखला इथे फार उपयोगी पडतो. धूर आहे तिथे अग्नी असणारच. हा झाला ‘नेसेसरिली’. पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही : तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. लोहाराची भट्टी पाहिलेलं मूल ही दोन्ही वाक्यं लगेच पकडतं.

म्हणून एक विनंती. ‘असेलच असं नाही’ हे अहिराणीत, गुजरीत, पावरीत, भिलीत कसं म्हणतात, ते आधी मुलांनाच विचारा. ती वाक्यं फळ्यावर मांडा. इंग्रजी त्यानंतर.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली. तरीही स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं, ‘घरात इंग्रजीचं वारं नाही, याला ती येणारच नाही.’ या वाक्यातला ‘च’ चुकीच्या जागी बसला आहे. घरात इंग्रजी नाही म्हणून मुलाला ती येणार नाहीच, असं नाही. हे वाक्य आधी आपल्याला पाठ व्हायला हवं.

– संपादक