सरपंचपदाची बोली अन् सालगड्याचं मत

हरभऱ्याच्या घाटेअळीवर लिहा म्हणून मेसेज आलेत, ते पुढच्या वेळी. आज पंचायतीचं लिहितो, कारण पारावर परत बोली लावून बिनविरोध करायची भाषा सुरू झालीय.

डिसेंबर २०२० आठवा. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, कांदा मार्केटचं गाव. तिथं सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. पैसा मंदिराला, असं सांगितलं. व्हिडिओ फिरले अन् जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. बरं केलं.

आपण शेतकरी, आधी खर्च मांडू. त्या वेळी मोठ्या गावच्या सरपंचाला मानधन महिना ५ हजार. पाच वर्षांचे झाले ३ लाख. (२०२४ ला दुप्पट झालं, तरी ६ लाखच.) एवढ्या मालासाठी कोणी लाखा-कोटीचं बी पेरतं का? त्या दोन गावांचं मी म्हणत नाही, पण असं पेरणारा काढणी नाली, पाण्याची टाकी अन् सिमेंट रस्त्याच्या बिलातूनच करणार ना?

लोक म्हणायलेत, देवाचं काम झालं, भांडण टळलं, काय बिघडलं? भांडण टळतं हे खरं. निवडणुकीपायी भावकीत डोकी फुटलेली मी पण बघितलीत. पण बोलीला बसतं कोण? ज्याच्या गाठीला पैसा तोच. सालगडी, ऊसतोडीला गेलेलं जोडपं, वस्तीवरची म्हातारी, ह्यांना विचारलं कोणी? सालगड्याला गावात पाच वर्षांतून एकदाच भाव येतो, मतदानाच्या दिवशी. तेवढा पण बोलीत गेला.

चीनमधलं वुकान बघा. पुढाऱ्यांनी गावची जमीन परस्पर विकली म्हणून २०११ ला गाव उठलं. गावचा एक माणूस पोलिसांच्या ताब्यात मेला. मग कुठं २०१२ ला गुप्त मतदान मिळालं. निवडून दिलेल्या माणसालाच २०१६ ला लाचेच्या खटल्यात आत टाकलं, तर गाव परत रस्त्यावर आलं. तिथं चिठ्ठीपायी एवढं सोसलं, आपण ती लिलावात काढतो.

बिनविरोध करायचं तर खुशाल करा, पण सगळ्यांना बसवून अन् बोलीशिवाय. ग्रामसभा वर्षात किमान चार व्हायला पाहिजेत, तिथं जावा. मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडा, आपल्या पंचायतीला किती आले अन् कशावर गेले ते दिसतं. ज्या नालीचं बिल निघालंय तिथं एकदा चालत जाऊन बघा, नाली आहे का.