आधी कोणती दुरुस्ती?

2024 सालच्या 10 ऑगस्टच्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या 19 क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि तो दरवाजा पाण्याबरोबर वाहून गेला. धरण त्या वेळी जवळजवळ काठोकाठ, म्हणजे सुमारे 105 टीएमसी, भरलेले होते. एका दरवाजाच्या मोकळ्या जागेतून पाणी उसळू लागले. भिंतीवरचा ताण कमी करण्यासाठी बाकीचे दरवाजेही उघडावे लागले आणि शेतकऱ्याने ज्या पाण्याच्या भरवशावर भात लावला होता तेच पाणी डोळ्यांदेखत समुद्राच्या वाटेला लागले. पुढे कन्नय्या नायडू या अनुभवी, निवृत्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाहत्या पाण्यात पोलादी पाट एकावर एक सोडून आठवडाभरात ती वाट बुजविण्यात आली. जीवितहानी झाली नाही, म्हणून आपणही ही बातमी लवकर विसरलो.

ती विसरण्याजोगी नव्हती. हैदराबाद संस्थान आणि मद्रास इलाखा यांनी मिळून हाती घेतलेले हे काम 1953 च्या सुमारास पुरे झाले. या धरणाला एकंदर 33 दरवाजे आहेत. दरवाजा दुरुस्त करताना त्याच्या पुढे पाणी अडविण्यासाठी जे तात्पुरते पाट लागतात, त्यांची सोयच येथे नव्हती. म्हणजे दरवाजा सुस्थितीत असताना तो तपासणे अवघड आणि तुटल्यावर बदलणे त्याहून अवघड, अशी अवस्था सत्तर वर्षे चालली. अपघातानंतर तज्ज्ञ मंडळींनी एका दरवाजाचा विचार न करता सर्व 33 दरवाजे बदलण्याची शिफारस केली, आणि 2025 च्या पावसाळ्यात जलाशय पूर्ण न भरता सुमारे 80 टीएमसीपर्यंतच भरण्याचा निर्णय झाला. जी दुरुस्ती वेळेवर केली असती तर केवळ पैसा लागला असता, तिच्यासाठी आता पाणीही मोजावे लागले.

दुरुस्ती करावी की करू नये, असा वाद कोणीच घालीत नाही. सभेत विचारले तर सर्वच हात वर करतील. खरा प्रश्न असा की, कामे शंभर आणि पैसा दहांपुरता असेल तर पहिली दहा कोणती? आपल्या देशात 6,000 हून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांपैकी 200 हून अधिक धरणांनी शंभरी ओलांडली आहे. तेव्हा क्रम लावल्यावाचून गत्यंतर नाही. आणि क्रम जाणून-बुजून लावला नाही, तर तो आपोआप लागतो. ज्याची ओरड मोठी त्याचे काम आधी, ज्याचे उद्घाटन शोभिवंत त्याचे त्याहून आधी.

हा आपोआप लागणारा क्रम किती महाग पडतो हे अमेरिकेतील ओहायो नदीवर पाहावयास मिळते. या नदीवरून कोळसा, धान्य, खडी असा माल बार्जांच्या तांड्यांतून जातो. नदीला बारमाही खोली राहावी म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी बंधारे आहेत, आणि नौकांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाता यावे म्हणून प्रत्येक बंधाऱ्याशेजारी लॉक आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची लांबट कोठी. नौका आत घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे, आतले पाणी चढवावयाचे किंवा उतरवावयाचे, आणि पुढचे दार उघडावयाचे. व्यवस्था साधी आहे, पण तिच्यात एक कठोर अट आहे. ही लॉके माळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक असतात. एक बंद पडले की बाकीची कितीही उत्तम असोत, मार्ग बंद.

या नदीच्या मुखाजवळची 52 आणि 53 क्रमांकांची लॉके 1929 च्या सुमाराची. त्यांच्या बंधाऱ्यांना लाकडी फळ्या होत्या. नदीला पाणी कमी झाले की माणसांनी नावेतून जाऊन एकेक फळी आकड्याने उभी करावयाची, पाणी वाढले की आडवी पाडावयाची. 1969 मध्ये 52 क्रमांकाला एक मोठी कोठी जोडण्यात आली, तीही तात्पुरती, पंधरा वर्षे टिकेल अशा बेताची. मग 1988 मध्ये ठरले की, दोन्ही पाडून त्यांच्या जागी ओल्म्स्टेड येथे एकच नवे, भव्य धरण व लॉक बांधावयाचे. खर्चाचा अंदाज 77 कोटी 50 लाख डॉलरांचा होता. प्रत्यक्षात ते खुले झाले 2018 मध्ये आणि खर्च गेला सुमारे 3 अब्ज डॉलरांवर.

मधल्या तीस वर्षांत जुन्या लॉकांचे काय झाले? नवे येणारच आहे, मग जुन्यावर खर्च कशाला, हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटतो. तथापि माल जुन्याच लॉकांतून जात होता, आणि त्यातही 52 क्रमांकाचे लॉक देशातील सर्वाधिक वर्दळीच्या लॉकांपैकी एक होते. 2017 च्या सप्टेंबरात तेथील फळ्या दगा देऊ लागल्या, लॉक बंद ठेवावे लागले, आणि नदीत बार्जांचे तांडे दिवसच्या दिवस खोळंबले. शिवाय नौकाचालकांच्या इंधनकरातून जमणारा बांधकाम-निधी या एकाच कामाने इतका गिळला की, इतर नद्यांवरील जीर्ण लॉकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. अखेर 2014 मध्ये कायदा करून या कामातील निधीचा वाटा निम्म्यावरून 15 टक्क्यांवर आणावा लागला. नवे बांधू नये असे येथे म्हणावयाचे नाही. नवे उभे राहीपर्यंत भार जुन्यालाच वाहावयाचा असतो, आणि त्या काळात जुन्याची निगा अधिकच काटेकोरपणे राखावी लागते, एवढाच याचा बोध.

त्याच देशातील दुसरे उदाहरण अनुकरणीय आहे. इलिनॉय नदीवरील अनेक लॉकांना मोठ्या दुरुस्तीची गरज होती. एकेक लॉक वेगवेगळ्या वर्षी बंद केले असते तर प्रत्येक वर्षी सगळाच मार्ग बंद पडला असता. म्हणून 2020 मध्ये त्यांतील बरीच लॉके एकाच हंगामात बंद करून कामे उरकण्यात आली. त्यासाठी आधी कळविले, व्यापाऱ्यांना आपल्या मालाची दुसरी सोय लावण्यास अवधी दिला, आणि मग दारे मिटली. हा कार्यक्रम कोणाला आवडला असेल असे नाही, परंतु तो सर्वांना ठाऊक होता.

आता आपल्या घराकडे वळू. ग्वाल्हेरकरांना तिघऱ्याची कहाणी निराळी सांगावयास नको. माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत सांक नदीवर हे धरण झाले, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे त्याला बसले, आणि 4 ऑगस्ट 1917 रोजी ते फुटले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले आणि आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तोच मुख्य आधार आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. 1917 मध्ये धरण जुने झाले नव्हते, ते अगदी नवे होते. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत खालून निसटली. तेव्हा केवळ वय पाहून दुरुस्तीचा क्रम लावणे बरोबर नाही. तुंगभद्रेचा दरवाजा सत्तर वर्षांचा होता, तिघऱ्याची भिंत वर्षा-दीड वर्षाची. दोन्ही ठिकाणी चुकले ते न दिसणाऱ्या जागी.

माझा धंदा गाणे शिकविण्याचा. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे वाद्यांची निगा हा आमच्याकडे गाण्याइतकाच मानाचा विषय. जुना तंबोरा दुरुस्तीला काढला की नवशिक्या विद्यार्थ्याला आधी रोगण हवे असते, कारण ते दिसते. जाणता कारागीर प्रथम भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यात चीर आहे का ते चाचपतो, कारण तो सांधा सुटला तर वाद्यच गेले. मग घसरणारी खुंटी, कारण एक खुंटी घसरली की चारही तारांची मेहनत वाया. त्यानंतर जवारी. रोगण सर्वांत शेवटी. धरणे आणि लॉके यांच्या दुरुस्तीला याहून वेगळे तत्त्व लागत नाही. मोडले तर किती जण बुडतील हे पहिले, मोडण्याची शक्यता किती हे दुसरे, एकाच्या मोडण्याने किती गोष्टी अडतील हे तिसरे, आणि मोडल्यास ते किती दिवसांत बदलता येईल हे चौथे. तुंगभद्रेचे दुखणे या चौथ्या प्रश्नात होते. जोडीचे पाट तयार ठेवणे ही काही थोर कल्पना नव्हे, परंतु ज्याला पर्यायी दार नाही असे प्रत्येक दार यादीत वर चढविले पाहिजे.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने बरेच बांधून दिले आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, देखभालीसाठी राखीव निधी, आणि देखरेखीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण, एवढे त्यात आहे. पण कायदा पाहणी करावयास लावील, क्रम लावण्याचे धैर्य तो देऊ शकत नाही. एखाद्या धरणाचे दरवाजे बदलावयाचे तर पाणी उतरवावे लागते, आणि पाणी उतरविले तर कोणाचे तरी पीक जाते. ज्याचे पीक जाते त्याला भरपाई आणि पूर्वसूचना दोन्ही मिळाली पाहिजेत, नाही तर तो दुरुस्तीलाच शत्रू मानील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

आपण संस्थानी शहरांतली माणसे. कोणत्या महाराजांनी कोणता तलाव बांधला हे आपल्याला तोंडपाठ असते, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्या तलावाच्या दाराला शेवटचे वंगण कोणी व केव्हा घातले, हे आपल्याला ठाऊक नसते. कोनशिलेवर त्या मिस्त्रीचे नाव कोणी कोरीत नाही. निदान एवढे तरी मागता येईल की, पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत काय आढळले, कोणती दुरुस्ती पहिली धरली आणि कोणती मागे ठेवली, याची यादी दरसाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध व्हावी. मागे ठेवलेल्या कामांचे कारणही तीत असावे. ती यादी वाचावयाची तसदी मग आपण घेतली पाहिजे, कारण तिच्यातल्या कामांच्या खालच्या अंगाला आपलीच घरे आहेत.