गोल आणि फुली



आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी रोज एक जण वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवतो. मागे एकदा चौथीतल्या एका मुलीने अपघाताची बातमी वाचली. सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या शाळेपासून फार लांब नाही, त्यामुळे अशा बातम्या आम्हाला नव्या नाहीत. 'भरधाव ट्रकची दुचाकीला धडक' असं ती वाचते न वाचते तोच मागून आवाज आला, "ट्रकवाले असेच असतेत!" दोन-चार जण हसले. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मात्र मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला. त्याचे वडील ट्रक चालवतात. हे मला ठाऊक होतं आणि हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आता, त्या मुलीने वाचलं ते काही खोटं नव्हतं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सगळ्यात जास्त माणसं अतिवेगामुळे गेली. पण मला त्या दिवशी दुसराच प्रश्न पडला. त्याच रस्त्यावरून त्याच रात्री जे शेकडो ट्रक सुखरूप पोहोचले, त्यांची बातमी कोण लिहितं?

लिहितात, एका ठिकाणी लिहितात! आपली एसटी आहे ना, ती. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी धावली, हे तुम्ही सामान्य ज्ञानासाठी पाठ केलं असेल. या एसटीत प्रत्येक चालकाची नोंद असते. गाडी कुठे गेली, कधी परत आली, काही घडलं का, सगळं आगारातल्या कागदांवर येतं. त्यामुळे एखाद्या चालकाने पंचवीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवली, तर ते महामंडळाला कळतं. मग त्याचा सत्कार होतो, छातीवर बिल्ला लागतो, रोख बक्षीस मिळतं. पुष्कळदा हा सत्कार सपत्नीक असतो. हे मला फार आवडतं, का ते पुढे कळेल.

पंचवीस वर्षं विनाअपघात म्हणजे किती, याचं गणित आम्ही फळ्यावर मांडलं. समजा, रोज २५० किलोमीटर आणि वर्षातून २८० दिवस. वर्षाचे झाले ७०,०००. पंचवीस वर्षांचे १७ लाख ५० हजार किलोमीटर! पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. भागाकार करून बघा, जवळजवळ ४४ प्रदक्षिणा होतात. तेही आपल्या रस्त्यांवरून. मधे बैल, शेरडं, लग्नाची वरात, नवरात्रात तुळजापूरला पायी निघालेले भाविक आणि उसाने भरलेल्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. (या ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर लावायला काही फार खर्च येत नाही. तुमच्या घरची ट्रॉली असेल तर आज संध्याकाळीच जाऊन बघा, आहे का ते.)

अमेरिकेतही अशी पद्धत आहे. तिथली राष्ट्रीय सुरक्षा परिषद दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर, सुरक्षित गाडी चालवणाऱ्याला सन्मान देते. पण तिथे मोजताना एक प्रश्न विचारतात. अपघात झाला का, एवढंच नाही, तर 'तो चालकाला टाळता आला असता का?' हा प्रश्न लक्षात ठेवा. आमच्या वर्गात त्यावरून मोठं भांडण झालं.

ट्रकवाल्यांचं काय? ज्याची मोठ्या कंपनीत नोकरी आहे त्याची थोडीफार नोंद राहत असेल. आपल्याकडचे बहुतेक ड्रायव्हर मात्र कधी या मालकाच्या गाडीवर, तर कधी त्या मालकाच्या. मालक बदलला की मागचं सगळं पुसलं जातं. म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांनाच शाळेत बोलावलं. एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, ते रिकामा ट्रक घेऊन आले. "म्या काय सांगणार बाई?" म्हणत दारातच उभे राहिले.

बोलण्यापेक्षा दाखवू, असं ठरलं. इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात घेतली. मग एकेक मूल ड्रायव्हरच्या जागेवर बसलं आणि बाकीची सहा जणं ट्रकच्या नाकासमोर अगदी जवळ उभी राहिली. वर बसलेल्याला विचारलं, किती दिसतात? एकही नाही! मग डाव्या बाजूला, चाकाला लागून तिघं उभे राहिले. तेही दिसेनात. ही ड्रायव्हरची आंधळी जागा. थांबलेल्या एसटीच्या पुढून रस्ता ओलांडणारे तुम्ही सगळे रोज याच जागेतून पळता. मीही लहानपणी पळतच होते म्हणा.

मग प्रश्न सुरू झाले. "किती स्पीडनं पळवता?" हा पहिला. ते म्हणाले, "पळवायला काय लागतंय? थांबवायला लागतंय." हे आम्ही पुन्हा फळ्यावर घेतलं. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. आमचा वर्ग सहा मीटर लांब आहे, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तीन वर्ग मागे पडले. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. रस्ता ओला असेल तर आणखी जास्त.

तुळजापूरच्या घाटाचंही त्यांनी सांगितलं. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. "ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. मग इंजिनच गाडीला मागं वढतंय." आणि शेरडांचं? "एक शेरडू पळत आडवं गेलं, की मी त्याच्याकडं बघत न्हाई. ते गेलं. त्याच्या मागून कोण येतंय, तिकडं बघतो."

झोपेबद्दल बोलताना ते जरा गंभीर झाले. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ५० मीटर आपली आपण जाते. १९६१ चा कायदा सांगत होता की मोटार कामगाराचं काम दिवसाला आठ तास असावं आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी. "मालकाचा फोन काय कायदा वाचून येत न्हाई," ते हसून म्हणाले. त्यांचा नियम सोपा आहे. दोनदा जांभई आली की पुढच्या ढाब्यावर गाडी बाजूला. मे महिन्यात मात्र केबिनची भट्टी होते, मग दिवसा झोप होत नाही आणि रात्री डोळे मिटतात. आता नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला आहे. त्यांचा ट्रक जुना आहे.

"तुमचा कधीच अपघात नाही झाला?" हे त्यांच्याच मुलाने विचारलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्षं झाली, न्हाई झाला. त्याच्या आधी एकदा झाला." ढाब्यावर गाडी उभी करून ते जेवायला बसले होते. दुसरी गाडी मागे घेताना त्यांच्या ट्रकवर आपटली. दिवा फुटला, आरसा तुटला, माणसाला काही झालं नाही.

"मग तुमची काय चूक? तुम्ही तर जेवत होता!" वर्ग एकदम ओरडला.

"उभी केली ती जागा माझीच ना? वळणाच्या तोंडावर लावली होती. भूक लागली होती. म्हणून मी तिथून पुन्हा एकपासून मोजतो."

इथे भांडण सुरू झालं. निम्मा वर्ग म्हणाला, हा अपघात धरायचा नाही. निम्मा म्हणाला, टाळता आला असता, म्हणून धरायचा. मी निकाल दिला नाही. त्यांनी स्वतःच तो देऊन टाकला होता.

सोमवारी तो मुलगा वायरच्या पिशवीत सुरळ्या घेऊन आला. कॅलेंडरं होती, लग्न झाल्यापासूनची. तेरा असायला हवी होती, एक उंदरांनी खाल्लं. त्याची आई, वडील गाडीवर निघाले की त्या तारखेला लाल गोल करते आणि घरी आले की काळी फुली मारते. कुणी सांगितलं नव्हतं, तीच आपली करते. मुलांनी गटागटाने मोजायला घेतलं. ढाब्यावरचा तो अपघात कोणत्या दिवशी झाला, हेही त्यांनी हुडकलं. त्या फेरीलाही इतरांसारखाच एक गोल आणि एक फुली होती. आईच्या हिशेबात तो अपघात नव्हताच.

बेरीज झाली. गोल भरले ४१८ आणि फुल्या ४१७.

"बाई, एक चुकली," परिपाठात हसणाऱ्यांपैकीच एक जण म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला.

"चुकली न्हाई," तो मुलगा म्हणाला. "पप्पा काल हैदराबादला गेलेत. परवा येतेत."