कर्ज फेडावें, पण जन्म गहाण टाकूं नये

गेल्या महिन्यांत आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आटोपल्यावर एक तरुण शिक्षकबंधु आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, एक विचारूं का? तालुक्याच्या गांवीं घर घेतलें. बँकेचा हप्ता चालू आहे. घरांत रोज वाद होतो. मी म्हणतों, पोटाला चिमटा घेऊन कर्ज लौकर फेडूं. ती म्हणते, पोरें मोठीं झाल्यावर मग कोणाला घेऊन हिंडायचें? खरें कोणाचें?" त्या वेळीं आम्हीं दोन शब्द सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न डोक्यांतून जाईना, कारण तो त्या एकट्याचा नाहीं. ज्यांच्या बापजाद्यांनीं मातीच्या भिंतींत जन्म काढला त्यांचीं पोरें आज स्लॅबच्या घरांत राहूं लागलीं आहेत. ही गोष्ट चांगलीच झाली. पण घराबरोबर वीस वर्षांचा हप्ता आला, आणि तो हप्ता संसारांत कसा बसवावा हें आम्हांस कोणत्याहि शाळेंत शिकविलें नाहीं. म्हणून चार शब्द लिहितों.

कर्जाच्या बाबतींत आमच्या समाजांत दोन टोकें दिसतात. एक टोक सर्वांच्या परिचयाचें आहे. घराचा हप्ता चालू असतांच लग्नासाठीं दुसरें कर्ज, मोटारीसाठीं तिसरें, आणि तें फेडण्यासाठीं पतसंस्थेचें चौथें! मांडव उठतो, वाजंत्री जातात, जेवून गेलेले लोक भाजींत मीठ कमी होतें म्हणून सांगत सुटतात, आणि यजमान पुढें सात वर्षें त्या जेवणाचें व्याज भरीत बसतो. या टोकाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि तें योग्यच आहे. परंतु दुसऱ्या टोकाविषयीं कोणी बोलत नाहीं, कारण तें टोक बाहेरून सद्गुणासारखें दिसतें. हा मनुष्य काटकसरी असतो. दिवाळीला कपडे नाहींत, आजारी आईला मोठ्या डॉक्टराकडे नेणें पुढच्या महिन्यावर, बायकोला माहेरीं पाठविणें पुढच्या वर्षावर. विचारलें तर एकच उत्तर : "कर्ज फिटूं द्या!" गांव त्याला शहाणा म्हणतो. आम्ही त्याला शहाणा म्हणण्यापूर्वीं थोडा हिशेब पाहूं इच्छितों.

ही भीति उगाच आलेली नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. आमच्या आजोबा-पणजोबांनीं कर्ज पाहिलें तें सावकाराच्या चोपडींतलें. चोपडी त्याची, लेखणी त्याची, आणि अंगठा मात्र आमचा! कागदावर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नसे. मुद्दल किती, व्याज किती, भरणा कोठें जमा झाला, कांहीं कळत नसे. 1875 च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवच्या बाजारीं शेतकऱ्यांनीं सावकारांची खतें जाळलीं, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांतून पुढें 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. जोतीरावांनीं 1873 सालीं सत्यशोधक समाज स्थापून थोड्या खर्चाचीं लग्नें लावण्याची वाट दाखविली, आणि 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कर्जांत रुतलेल्या कुळंब्याची दैना जगापुढें मांडली. तेव्हां 'गहाण' हा शब्द ऐकतांच आमच्या छातींत धस्स होतें, तें चार पिढ्यांच्या अनुभवामुळें होय.

परंतु भीति वारशानें आली म्हणून हिशेबहि वारशानें चालत नाहीं. सावकाराच्या कर्जाला शेवट नव्हता. आजच्या घरकर्जाला पहिल्या दिवशींच शेवटची तारीख लिहिलेली असते. म्हणून आतां अंगठा न उठवितां पाटी-पेन्सिल हातीं घ्यावी.

समजा, वीस लाखांचें कर्ज आहे, मुदत वीस वर्षें, आणि सोयीसाठीं व्याजाचा दर सालीना शेंकडा 9 धरूं. महिन्याचा हप्ता सुमारें 17,995 रुपये पडतो. पहिल्या महिन्यांत त्यांतले 15,000 रुपये व्याजांत जातात, आणि मुद्दल फिटतें अवघें 2,995 रुपये! वीस वर्षांत एकंदर भरणा 43 लाखांवर जातो, म्हणजे व्याजच 23 लाखांच्या वर. हे आंकडे पाहून कोणाच्याहि पोटांत गोळा उठेल, आणि लौकर फेडण्याची इच्छा होईल. ती इच्छा खोटी नाहीं.

आतां पुढचें गणित पाहावें. हप्त्यावर दरमहा 1,000 रुपये अधिक भरले तर 240 महिन्यांचें कर्ज सुमारें 209 महिन्यांत फिटतें. म्हणजे एका हजारानें 31 महिने वांचले. दुसरा हजार घातला कीं 186 महिने होतात, म्हणजे आणखी 23 वांचले. तिसऱ्या हजारानें 18, चौथ्यानें 14, आणि पांचव्यानें अवघे 12. दरमहा दोनच हजार अधिक भरणाऱ्याचे साडेचार वर्षांचे हप्ते आणि सहा लाखांच्या आसपास व्याज वांचतें.

वाचकहो, या गणितांत आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. पहिला हजार सर्वांत जास्त काम करतो. पांचवा हजार त्याच्या निम्म्याहूनहि कमी काम करतो. उलट घरांत पाहिलें तर पहिला हजार वाचवितांना फारसें कांहीं लागत नाहीं. चहा-विडी, दुसरा मोबाईल, नको असलेली वर्गणी, इतक्यांत तो निघतो. पांचवा हजार मात्र लेंकरांच्या दुधांतून आणि आईच्या औषधांतून निघतो. बँकेच्या बाजूनें ज्याची किंमत सर्वांत कमी, तोच घराच्या बाजूनें सर्वांत महाग! तेव्हां पहिला हजार जरूर भरावा, दुसराहि भरावा. पण पांचव्याच्या वेळीं थांबून विचार करावा.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून आलेलें नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत चक्रवाढ व्याज कसें शिकवावें हें आम्ही शिकलों, आणि वीस वर्षें मुलांना तें शिकविलें. परंतु आपल्या घरांत वापरलें नाहीं. आम्हीं 2020 च्या आरंभीं वरच्यासारखेंच कर्ज काढून घर बांधलें, आणि हट्टानें पांच हजार रुपये दरमहा अधिक भरूं लागलों. तीन वर्षें हा नेम चालला. जानेवारी 2023 मध्यें शाळेची सहल निघाली. प्रतापगड, रायगड आणि हरिहरेश्वरचा समुद्र. वर्गणी माणशीं 900 रुपये. वर्गणी गोळा करण्याचें काम आमच्याचकडे होतें. ज्या बापाजवळ पैसे नव्हते त्याच्या दारीं जाऊन आम्ही सांगत होतों, "अहो, पोरीला पाठवा. समुद्र पुस्तकांत पाहून कळत नाहीं!" आणि आमची मुलगी त्याच शाळेंत सातवीला होती. यादींत तिचें नांव नव्हतें. मुख्याध्यापकांनीं विचारलें तेव्हां आम्ही कांहीं उत्तर देण्यापूर्वीं तीच म्हणाली, "मी कर्ज फिटल्यावर जाणार आहे, सर."

तें वाक्य आमचें होतें. पोरीनें तें इतक्या वेळां ऐकलें होतें कीं पाढ्यासारखें म्हणून दाखविलें. मुख्याध्यापक हंसले. आम्हीहि हंसलों. रात्रीं मात्र झोंप येईना, म्हणून उठून हिशेब मांडला. त्या 900 रुपयांची सहल तिला घडविली असती तर कर्ज फिटण्याचा दिवस किती पुढें गेला असता? उत्तर आलें, तीन दिवससुद्धां नाहीं! तीन दिवसांसाठीं आम्हीं मुलीचा समुद्र मोडला होता. आतां ती तालुक्याला शिकते. तिला समुद्र पुढें दिसेलच. परंतु सातवींतल्या मैत्रिणींबरोबरचा तो दिवस कोणत्या बँकेंतून काढून आणावा?

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही आतां लोकांना उधळपट्टी शिकवूं लागलां." तसें नाहीं. ऋण काढून सण करणारा आणि सणच सोडून देणारा, दोघेहि कर्जाचेच गुलाम. आम्ही जें सांगतों त्याला क्रम आहे.

पहिली गोष्ट : महाग कर्ज आधीं फेडावें. हातउसने, सावकाराचे, क्रेडिट कार्डाचे पैसे थकले असतांना घराच्या कर्जांत अधिक भरणें म्हणजे घराला आग लागली असतांना अंगणांत सडा घालणें होय. शेतकरी बंधूंनीं पीककर्ज मुदतींत फेडण्यावर लक्ष ठेवावें. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते, ती दवडूं नये.

दुसरी गोष्ट : निदान सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ता हाताशीं ठेवावा. सगळा पैसा कर्जांत ओतला आणि घरांत कोणी आजारी पडलें, तर बँक भरलेला पैसा परत देत नाहीं. मग त्याच मनुष्याला दुप्पट व्याजानें उसने काढावे लागतात. शेतीवर चालणाऱ्या घरानें तर सहा महिन्यांऐवजीं एका हंगामाचा विचार करावा; पाऊस हप्त्याच्या तारखा पाळीत नाहीं.

तिसरी गोष्ट : मग झेपेल तेवढी जादा भरणा करावी, आणि आपले हक्क ओळखून करावी. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधीं फेड केल्याचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेनें जून 2012 मध्यें बँकांना मनाई केली. जादा रक्कम भरतांना हप्ता कमी न करतां मुदत कमी करावयास सांगावें. व्याज त्यांतच अधिक वांचतें. मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून साडेसहावर गेला, तेव्हां पुष्कळांचा हप्ता तोच राहिला पण मुदत वाढली, आणि कित्येकांस तें कळलेंहि नाहीं. ऑगस्ट 2023 मध्यें असा आदेश निघाला कीं दर बदलल्यास हप्ता वाढवावा कीं मुदत, हें कर्जदारास विचारावें. म्हणून वर्षांतून एकदां बँकेंत जाऊन उतारा मागावा व राहिलेले महिने मोजावे. पूर्ण फेड झाल्यावर घराचे मूळ कागद 30 दिवसांत परत द्यावे, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू झाला. आमच्या आजोबांजवळ हे हक्क नव्हते. आमच्याजवळ आहेत, आणि आम्ही ते वाचीत नाहीं, हा दोष कोणाचा?

चौथी गोष्ट, आणि हिच्यासाठींच हा लेख लिहिला : घरखर्चाच्या वहींत 'आनंद' असें एक खातें उघडावें. हजार, पांचशें, निदान दोनशें रुपये दरमहा त्यांत टाकावे, आणि हप्त्याइतक्याच नेमानें टाकावे. कोठें खर्चावे हें घरांतील बायकामुलांनीं ठरवावें. तो पैसा दुसऱ्या कामाला वळवूं नये, आणि तो संपल्यावर त्यासाठीं उसना काढूं नये. आनंदाला मोटार आणि हॉटेल लागतें हा शहरी भ्रम आहे. एस. टी. नें 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरील वृद्धांस फुकट आणि 17 मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्ध्या तिकिटांत प्रवास सुरू केला. म्हाताऱ्या आईला पंढरपूर दाखवून आणण्यास त्या खात्यांतले दोन-तीन महिने पुरतात. पण गुडघे गेल्यावर तेंच तिकिट फुकट असून निरुपयोगी आहे. बँक व्याज लावून पैशाची वाट पाहते. आईचे गुडघे आणि मुलांचें वय वाट पाहत नाहीं.

ज्याचा पगारच हप्त्याला पुरत नाहीं, त्याला आमचा हा उपदेश कोरडा वाटेल, हें आम्ही जाणतों. त्यानें आधीं मुदत वाढवून हप्ता कमी करून घ्यावा; त्यांत लाज नाहीं. चार वर्षें अधिक भरावीं लागलीं तरी चालतील, पण वीस वर्षें घरांत कोणी हंसलें नाहीं असें होऊं नये. घर घेतलें तें राहण्यासाठीं. त्यांत राहणारीं माणसें सुकून गेल्यावर कागद हातीं आले तरी ते कोणाला दाखवावयाचे?

आमच्या तरुण मित्रास उत्तर हें कीं, वादांत आपण अर्धे खरे आहां आणि बाई अर्ध्या खऱ्या आहेत. दोघांनीं एका संध्याकाळीं वही घेऊन बसावें. पहिले दोन हजार आपल्या मताप्रमाणें बँकेला द्यावे, त्यापुढचे बाईंच्या मताप्रमाणें ठेवावे, आणि येत्या सहलीच्या यादींत पोरांचीं नांवें प्रथम लिहावीं. आमच्या घरीं तीन वर्षें उशिरा कां होईना, तसें खातें उघडलें आहे. त्याची वही आमची मुलगी ठेवते. पहिल्या पानावर तिनें वर्गणीचे 900 रुपये बाबांकडून येणें म्हणून मांडले आहेत, आणि व्याज लावलें आहे.